रुग्णाची फाइल कोणाच्या कुलपात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भाईंदर पूर्वेहून एक बासष्ट वर्षांच्या मावशी आमच्या ओपीडीत आल्या. सोबत मुलगी होती. चार दिवसांचा ताप, खोकला, बोलताना लागणारी धाप. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया स्पष्ट दिसत होता. दाखल करून घ्यायचे ठरले. सिस्टर इंजेक्शनची तयारी करत असताना मावशी म्हणाल्या, "मॅडम, मागे एकदा सुई टोचली नि मी गेलेच होते वरती. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. कुठली सुई ते नाही ठाऊक."

असे वाक्य ऐकले की डॉक्टरचा हात थांबतो. मी विचारले, "कुठे टोचली होती?" मीरा रोडचे एक छोटे नर्सिंग होम. पाच-सहा वर्षे झाली असतील. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे. लगेच फोन लावला. ते म्हणाले, "नोंद आहे हो. पण उघडता येत नाही."

झाले होते असे. त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी एका कंपनीकडून रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर घेतले होते. दरवर्षी पैसे भरायचे, मग कंपनी नवी किल्ली म्हणजे एक क्रमांक पाठवायची, तो घातला की पुढचे वर्ष सुरू. दोन वर्षांपूर्वी कंपनीने गाशा गुंडाळला. किल्ली यायची बंद झाली. हजारो रुग्णांच्या नोंदी त्यांच्याच टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये शाबूत आहेत, पण ज्या रूपात त्या साठवल्या आहेत ते रूप दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला वाचता येत नाही. घर आपले, कपाट आपले, कपाटातले कपडे आपले. किल्ली मात्र गाव सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात.

आम्ही वेगळ्या गटातले अँटिबायोटिक निवडले, पहिला डोस सगळी तयारी जवळ ठेवून दिला. मावशी आठवडाभरात बऱ्या होऊन घरी गेल्या. पण त्या फोनने माझ्या डोक्यात घर केले. म्हणून आज आरोग्याच्या या सदरात मी कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिते आहे. विषय वाटतो तितका परका नाही.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडदा उजळतो, माऊस हलतो, प्रिंटर कागद ओढतो, ही सारी कामे पाहणारा मूळ प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. घराची जोती म्हणा. बाकीचे प्रोग्राम तिच्यावर उभे राहतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर विंडोज असते. ती कंपनीच्या मालकीची. आपण विकत घेतो तो फक्त वापरण्याचा परवाना. आत काय लिहिले आहे ते पाहता येत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही.

दुसरी जात मुक्त सॉफ्टवेअरची. अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची आतली लिखावट म्हणजे सोर्स कोड वाचून बदलण्याची, प्रती वाटण्याची आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याची अशा चार मोकळीका प्रत्येकाला असाव्यात, ही त्यांची मागणी. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा लिहून जगापुढे ठेवला. दोन्ही जुळले आणि त्यातून उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशा अनेक ऑपरेटिंग सिस्टीम निघाल्या. ज्यांनी आयुष्यात लिनक्सचे नाव ऐकलेले नाही, त्यांच्याही खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडे याबद्दल फार गोंधळ होतो. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. जे फुकट असते ते मुक्त असतेच असे नाही. फोनवरची कितीतरी ॲप फुकट आहेत, पण आपली माहिती कुठे जाते ते ती आपल्याला पाहू देत नाहीत. उलट मुक्त सॉफ्टवेअर बसवून देण्याचे, शिकवण्याचे, सांभाळण्याचे पैसे कोणी घेतले तर त्यात गैर काही नाही. मुंबईत जन्मलेले 'ईआरपीनेक्स्ट' हे हिशेब-साठ्याचे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. ते बनवणारी कंपनी धंदा करते, पण सोर्स कोड कोणालाही उघडून वाचता येतो. उद्या कंपनीशी पटले नाही तर दुसऱ्या माणसाकडून काम करून घेता येते. माझ्या मीरा रोडच्या डॉक्टरमित्राकडे नेमकी हीच वाट नव्हती.

चेंबरलेन घराण्याची पेटी

आम्हा वैद्यकातल्या लोकांना हा वाद नवा नाही. सोळाव्या शतकात फ्रान्समधून इंग्लंडला पळून आलेल्या चेंबरलेन घराण्याने अडलेल्या बाळंतिणीचे मूल सोडवण्याचा चिमटा बनवला. आज आम्ही त्याला फोर्सेप्स म्हणतो. हा शोध त्यांनी कोणालाच सांगितला नाही. सांगतात की ते मोठी नक्षीदार पेटी घेऊन बाळंतिणीच्या घरी जात, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधत आणि नातेवाइकांना खोलीबाहेर काढत. पिढ्यान्‌पिढ्या, शंभराहून अधिक वर्षे, हे गुपित घराण्यात राहिले. पुढे १८१३ मध्ये इसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावर, फळ्यांखाली दडवलेली अवजारे सापडली.

त्या शतकात किती बाया, किती बाळे त्या चिमट्यावाचून गेली असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. चेंबरलेन वाईट डॉक्टर नव्हते, त्यांचे हत्यारही चांगले होते. पण ते झाकलेले असल्याने दुसऱ्या कोणाला ते वापरता आले नाही, त्यातला दोष दाखवता आला नाही, सुधारता आले नाही. वैद्यक पुढे गेले ते गुपिते उघडी केल्यावर. आज औषधाच्या पाकिटावर घटक लिहिणे बंधनकारक आहे. शस्त्रक्रियेची नवी पद्धत कोणी काढली तर ती नियतकालिकात छापून जगापुढे ठेवावी लागते, इतरांनी ती तपासावी लागते. 'आत काय आहे विचारू नका, गुण येईल' असे म्हणणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र तेच वाक्य आपण मुकाट मान्य करतो.

शरीरात शिरलेला प्रोग्राम

आणि आता सॉफ्टवेअर टेबलावर राहिलेले नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात 'थेरॅक-२५' नावाच्या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रेचे किरण दिले. त्यांतले किमान तिघे त्यामुळे दगावले. चूक सॉफ्टवेअरमध्ये होती. यंत्र चालवणाऱ्याने आकडे फार वेगाने दुरुस्त केले की यंत्राचा गोंधळ व्हायचा. तो प्रोग्राम बाहेरच्या कोणी स्वतंत्रपणे तपासलेलाच नव्हता. पडद्यावर नुसता चुकीचा एक क्रमांक उमटे. त्याचा अर्थ काय, हे चालवणाऱ्याला ठाऊक नसे.

कॅरन सँडलर या अमेरिकी वकील बाईंचे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. त्यांच्या हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आहे, म्हणून छातीत डिफिब्रिलेटर बसवला. हृदयाची लय बिघडली की हे यंत्र विजेचा झटका देते. बाईंनी उत्पादकांना साधा प्रश्न विचारला, "माझ्या हृदयाला जोडलेल्या यंत्रात कोणता प्रोग्राम आहे, मला वाचायला मिळेल का?" नाही, असे उत्तर आले. पुढे गरोदरपणात, धडधड नैसर्गिकच वाढलेली असताना, यंत्राने तिला आजार समजून त्यांना नको असलेले झटके दिले. स्वतःच्या छातीतला प्रोग्राम पाहण्याचा हक्क रुग्णाला असावा का? मला तरी हा प्रश्न कॉम्प्युटरचा वाटत नाही.

याची उजळ बाजूही आहे. टाइप-१ मधुमेहाचे काही रुग्ण आणि मुलांचे पालक कंपन्यांच्या नव्या यंत्रांची वाट पाहून थकले. त्यांनी साखर मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप यांना जोडणारा प्रोग्राम स्वतःच लिहिला आणि २०१५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. घरी बनवलेली ही पद्धत कितपत विश्वासाची, याची न्यूझीलंडमध्ये रीतसर चाचणी झाली. ९७ मुले आणि प्रौढ तिच्यात होते. २०२२ मध्ये निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले: खुल्या प्रोग्रामवर असलेल्यांची साखर तुलनेच्या गटापेक्षा दिवसातला बराच जास्त वेळ योग्य मर्यादेत राहिली. हा प्रयोग कोणी घरी करू नये. आपल्याकडे मधुमेहतज्ज्ञांच्या देखरेखीवाचून तर मुळीच नाही. मुद्दा इतकाच की उघडे होते म्हणून ते तपासता आले.

मुक्त सॉफ्टवेअर ही लस नव्हे

मुक्त सॉफ्टवेअरचे काही भक्त सांगतात, लिनक्स घ्या, व्हायरसची चिंता सोडा. डॉक्टर म्हणून मला असे रामबाण इलाज खटकतात.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने विंडोजमधल्या एका भोकातून जगभर शिरकाव केला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. पण ते भोक बुजवणारी दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ती बसवलीच गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात आलेल्या 'नॉटपेट्या'ने तर आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंत सारे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. त्याचे सांगितलेले कारण होते नेटवर्कची अयोग्य विभागणी. म्हणजे वॉर्डांमध्ये भिंतीच नव्हत्या, एकाचा संसर्ग सगळ्यांना. तिथे कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम असती तरी धोका होताच.

मुक्त सॉफ्टवेअरमध्येही मोठ्या चुका निघाल्या आहेत. २०१४ चा 'हार्टब्लीड' दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. मार्च २०२४ मध्ये लिनक्सबरोबर येणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचे उघड झाले. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले. सोर्स कोड उघडा असल्याने तो माग काढत मुळापर्यंत पोचला. गंमत म्हणजे हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरीला होते. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आजारी पडत नाही असे नाही. पण त्याची तपासणी कोणालाही करता येते, सेकंड ओपिनियन घेता येते. रोग दडवून ठेवता येत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

लोक का निवडतात?

सामान्य माणूस लिनक्सकडे वळतो तो मात्र बहुधा तत्त्वासाठी नव्हे, तर जुन्या कॉम्प्युटरसाठी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती थांबली. काही अटींवर घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, इतकेच. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट कॉम्प्युटरही कंपनीच्या लेखी म्हातारे ठरले. माझा २०१३ चा लॅपटॉप असाच. भाईंदरच्या एका दुरुस्तीवाल्या मुलाने त्यावर लिनक्स मिंट घालून दिले. "मॅडम, भंगारात चारशे रुपये येतील, त्यापेक्षा चालवा," असे म्हणाला. तो चालतो आहे. मी हा लेख त्याच्यावरच टाइप केला.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. जुना स्कॅनर आठवडाभर रुसला. डिजिटल सहीचा डोंगल चालवायला दोन रविवार गेले. सर्वांत जास्त छळले ते माझ्या जुन्या मराठी फाइलींनी. युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टाइप केलेली माझी वीस वर्षांपूर्वीची व्याख्याने उघडली की पडद्यावर नुसती चिन्हांची जत्रा. तेव्हा उमगले की मावशींच्या नोंदींचे जे झाले तेच माझ्या लेखांचे झाले होते. मजकूर माझा, पण तो वाचण्याची किल्ली एका विशिष्ट फाँटकडे. आज युनिकोड आहे. मुंबईच्या 'एक टाइप'ने काढलेले मुक्ता, बालू असे देखणे देवनागरी फाँट कोणालाही मोकळेपणाने वापरता येतात. ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स, लिब्रेऑफिस यांवरचे छोटे धडे मराठीतही आहेत.

सरकारी पातळीवर हा विचार नाही असेही नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या कॉम्प्युटरांसाठी उबुंटूवर आधारित 'माया' ही सिस्टीम आणली. आणि रुग्णालयांपुरते बोलायचे तर छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था गरीब आदिवासींसाठी रुग्णालय चालवते. तिच्या गरजेतून 'बाह्मनी' हे रुग्णनोंदींचे मुक्त सॉफ्टवेअर घडले. केनियातल्या एचआयव्ही रुग्णांच्या कामातून वाढलेल्या 'ओपनएमआरएस'वर ते उभे आहे आणि आज नेपाळ, बांगलादेशासह अनेक देशांत चालते. एका आडगावच्या रुग्णालयाने घडवलेली वस्तू जगाला वापरता आली. चेंबरलेनच्या पेटीच्या अगदी उलट.

माझे म्हणणे

उद्या सकाळी सगळ्या रुग्णालयांतून विंडोज काढून टाका असे मी म्हणणार नाही. तपासणीची अनेक यंत्रे तिच्यावरच चालतात. घाईने केलेला बदल रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. केसपेपरच्या खिडकीवर दीडशे माणसांची रांग असते, तिथे शिकाऊपणाला वाव नसतो. पण जनतेच्या पैशातून रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घेताना तीन गोष्टी करारात लिहूनच घ्याव्यात. पहिली, सोर्स कोड रुग्णालयाकडे असावा. दुसरी, सगळ्या नोंदी कधीही, जादा पैसे न भरता, दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येतील अशा खुल्या रूपात बाहेर काढता याव्यात. तिसरी, करार संपला किंवा कंपनी बुडाली तरी नोंदी उघडता याव्यात आणि हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. आगीची रंगीत तालीम करतो तशी. नवे काम जिथे सुरू होत आहे, तिथे तरी मुक्त सॉफ्टवेअरचा विचार आधी व्हावा.

छोटी नर्सिंग होम चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर बंधुभगिनींनाही हेच सांगणे. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला 'किती स्वस्त' हे विचारण्याआधी विचारा, "तुमचे दुकान बंद झाले तर माझ्या रुग्णांचे काय?" उत्तर देताना तो चाचरला तर समजून जा.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी. तुमच्या उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. ती प्रत घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवा. ज्या औषधाने त्रास झाला त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात बाळगा.

मावशींच्या मुलीला महिन्याभराने ते जुने डिस्चार्ज कार्ड सापडले. कपाटात, साड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती ते दाखवायला ओपीडीत घेऊन आली. पिवळे पडलेले, पण अक्षर वाचता येत होते. त्यावर लाल शाईने लिहिले होते: डायक्लोफेनॅक. अँटिबायोटिक नव्हे, साधे वेदनाशामक इंजेक्शन. आम्ही अँटिबायोटिकला जपून होतो. त्या आठवड्यात त्यांचे अंग दुखले असते, तर आमच्याच ट्रेमधली ती सुई कोणीही बेलाशक टोचली असती.

त्या कागदाला पासवर्ड लागला नाही. आपल्या रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये जाणार, जायलाच हव्यात. पण त्या कागदाइतक्या तरी उघडता आल्या पाहिजेत, एवढीच माझी मागणी आहे.